मेनफ्रेमवर सी प्रोग्राम नेताना: ‘राऊत’पर्यंत चाललं, ‘शेंडे’वर पडलं

पॉलिसीधारकांची इंग्रजीत लिहिलेली आडनावं पहिल्या अक्षरानुसार मोजणारा आमचा प्रोग्राम युनिक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता. तो झेड/ओएसवर (आयबीएमच्या मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संगणकांच्या, ऑपरेटिंग सिस्टिमवर) न्यायचं काम माझ्याकडे आलं, तेही ऐन मे महिन्यात, नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात. कंपाइल दोन दिवसांत झालं.

अडलं ते नमुना डेटापाशी. ग्राहकाच्या ऑफिसकडे फक्त हजार ओळी मागितल्या होत्या. फॉर्म परत आला, ‘कारण सविस्तर लिहा’ म्हणून. पुन्हा भरला, तर सही करणारे साहेब रजेवर. रोज फोन, रोज ‘उद्या बघू’. १७ दिवस गेले! आजही आठवलं की डोकं तापतं. शेवटी टीममधल्या आडनावांची फाइल मीच बनवली: भोयर, देशमुख, गजभिये, मेश्राम, राऊत. प्रोग्राम सुरळीत चालला, मी निर्धास्त झालो.

अठराव्या दिवशी खरी फाइल आली आणि पहिल्याच रनला एस०सी४ अबेंड, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने प्रोग्राम मधेच बंद. शेंडे या ओळीवर. ती ओळ काढली, तर ठाकरेवर पडला. रात्री साडेदहाला कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. कोडमध्ये अक्षरातून ‘ए’ वजा करून २६ घरांच्या ॲरेत (मेमरीतल्या सलग घरांच्या रांगेत) मोजणी होती. ॲस्कीत, म्हणजे युनिक्सवरच्या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यात, ए ते झेड सलग, ६५ ते ९०. एब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या तक्त्यात, तीन तुकडे: ए ते आय १९३ ते २०१, जे ते आर २०९ ते २१७, एस ते झेड २२६ ते २३३. म्हणजे ‘आर’चं घर २४, ॲरेच्या आतच, ‘एस’चं थेट ३३, ॲरेबाहेर, शेजारच्या पॉइंटरवर (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या जागेवर). माझ्या फाइलीत ‘आर’च्या पुढचं एकही आडनाव नव्हतं. ते नमुने वेळेवर मिळाले असते तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

वजाबाकी काढली, सव्वीस अक्षरांची स्ट्रिंग ठेवली आणि स्ट्रसीएचआरने (स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधणाऱ्या फंक्शनने) जागा शोधली. वानखेडे, वासनिक सगळे आपापल्या घरात बसले. रिटर्न कोड ००००, म्हणजे सगळं ठीक, दिसला तेव्हा टेबलावर हात आपटून ओरडलोच.

तुम्ही असं काम करणार असाल तर डेटाचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरा, कोडला हात लावायच्या आधी. आणि हो, चौकोनी कंसांवर एररचा ढीग आला तर कोड पेज (एब्सिडिक तक्त्याचा प्रकार) तपासा: ०३७ नाही, १०४७ हवं. झेड/ओएसवर साधा ‘चार’ (char, अक्षर ठेवायचा प्रकार) अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा न ठेवणारा असतो, म्हणून गेटसीचं (फाइलमधून एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं) उत्तर ‘चार’मध्ये घेतलं असेल तर फाइल संपल्याची उणे खूण कळतच नाही, लूप फिरत राहतो. तो व्हेरिएबल आधीच इंट (पूर्णांकाचा प्रकार) करून घ्या.