आईचे गुडघे आणि हिराल्दाचा मनोरा

स्पेनमधल्या सेव्हिलला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हिराल्दावर, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर नेते. आई आली तेव्हा मात्र जरा कचरले. मनोरा शंभर मीटरहून उंच आणि तिचे गुडघे हे असे.

"लिफ्ट आहे का गं?"

लिफ्ट नाही, पण पायऱ्याही नाहीत. आत विटांचा रॅम्प आहे. मधल्या गाभ्याभोवती वळसे घेत चढणारे 35 टप्पे, प्रत्येक वळणावर भिंतीला आकडा. हा मुळात मशिदीचा मनोरा. बांग द्यायला मुअज्जिनला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून ही सोय, असं सांगतात. आई आकडे मोजत, खिडक्यांपाशी दम खात निघाली. बाराव्या आकड्यापाशी म्हणाली, "घोडा तेवढा द्यायचा राहिला बघ."

इथे राज्य करणाऱ्या अलमोहाद या मुस्लिम घराण्याच्या खलिफांच्या काळात, 1184 मध्ये, अहमद इब्न बासो या वास्तुकाराने बांधकाम सुरू केलं. पायाला त्याने पडक्या रोमन इमारतींचे दगड वापरले. एका कोपऱ्यात अजून लॅटिन अक्षरं दिसतात. वरचं सगळं काम विटांचं, बाहेरून जाळीसारखी नक्षी. 1198 मध्ये शेंड्यावर सोनेरी गोळे चढले. मोरोक्कोतल्या मराकेशच्या कुतुबिया मशिदीचा मनोरा आणि तिथल्याच रबातचा अर्धवट राहिलेला हसन मनोरा या हिराल्दाच्या सख्ख्या बहिणीच.

1248 मध्ये तिसऱ्या फर्नांडो या ख्रिस्ती राजाने शहर घेतलं आणि मशिदीचं कॅथीड्रल झालं. पुढे मशीद पाडून आजचं अवाढव्य चर्च उभं राहिलं, पण मनोऱ्याला कुणी हात लावला नाही. 1356 च्या भूकंपात गोळे पडले. दोनशे वर्षांनी एर्नान रुईस या वास्तुकाराने वर घंटाघर चढवलं आणि 1568 मध्ये त्याच्याही डोक्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी ब्राँझची बाई बसली. स्पॅनिशमध्ये 'हिरार' म्हणजे फिरणं, त्यावरून हिराल्दा. खरं सांगू? मला खालचा विटांचा भागच आवडतो. वरचं घंटाघर म्हणजे नऊवारीवर हॅट.

शेवटी थोड्या पायऱ्या आल्याच. आई कठडा धरून चढली आणि वर पोचतो न पोचतो तोच डोक्यावर घंटा सुरू झाल्या. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले, पण हलली नाही.

उतरून संत्र्यांच्या चौकात आलो. हे मशिदीचं जुनं अंगण, इथे नमाजाआधी वजू करत, म्हणजे हातपाय-तोंड धूत. जानेवारी होता, झाडं लगडलेली. खाली पडलेलं एक संत्रं आईने उचललं, सोललं, तोंडात टाकलं. कडूजहर!

"लोणचं होईल याचं," ती म्हणाली, आणि आणखी दोन पिशवीत टाकली.