चाळीसचा जनरेटर घ्यायला गेलो आणि पंचवीसचा घेऊन आलो

डिचोलीजवळ आमचा लहानसा काजू कारखाना आहे. पावसाळ्यात दिवसातून दोनदा तरी वीज जायची आणि पिलिंगचा (काजूगराची साल काढण्याचा) माल तसाच अडकून पडायचा. म्हणून जनरेटर घ्यायचं ठरवलं. सगळ्या यंत्रांच्या पाट्या वाचून बेरीज केली: बोर्म्याचे (काजूगर वाळवायच्या भट्टीचे) हीटर ९ किलोवॅट, कॉम्प्रेसर साडेसात, बाकी ग्रेडिंग, बॉयलरचा पंप, बोअरवेल, पॅकिंग, दिवे-पंखे. एकूण २९. विक्रेत्याने पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.८ धरून त्याला ०.८ ने भागलं, ३६ आले, आणि "४० केव्हीए घ्या" म्हणाला. (किलोवॅट म्हणजे खऱ्या कामाचा भार, केव्हीए म्हणजे जनरेटरला वाहावा लागणारा एकूण भार.)

किंमत ऐकून मी शेजारच्या काकांकडे गेलो. काका आयुष्यभर खाणीवर इलेक्ट्रिक फोरमन होते. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "ही सगळी एकदम चालतात?"

चालत नाहीत. बोर्मा आम्ही रात्री लावतो, कॉम्प्रेसर दिवसा. बोअरवेलचा पंप पहाटे तासभर. काकांनी मला आठवडाभर टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजायचं मीटर) घेऊन फिरवलं. कॉम्प्रेसर साडेसातचा, पण ६ च्या वर कधी गेला नाही. प्रत्येक यंत्राचा असा स्वतंत्र कमाल भार मिळवला तर २५ किलोवॅट झाला. मीटरवरची एकत्रित कमाल मागणी मात्र १४.

२५ भागिले १४, म्हणजे जवळपास १.८, हा डायव्हर्सिटी फॅक्टर. तो एकाहून कमी होत नाही. १४ भागिले २९ म्हणजे ०.४८, तो डिमांड फॅक्टर. मी दोन दिवस या दोघांची अदलाबदल करत होतो, आणि खरं सांगायचं तर विक्रेत्यालाही फरक ठाऊक नव्हता.

मग म्हटलं, १४ ला १५ चा जनरेटर पुरेल. काका हसले. "१४ किलोवॅट रे. केव्हीए किती?"

मीटरवर १९.४ केव्हीए होते. पॉवर फॅक्टर ०.७२. तो वाईट का, हे त्यांनी खाणीच्या भाषेत सांगितलं. "ट्रक भरून जेटीवर जातो, रिकामा परत येतो. माल एकदाच पोचतो, रस्ता दोनदा अडतो." मोटरला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा प्रवाह असाच नुसता ये-जा करतो. काम करत नाही, पण केबल आणि जनरेटरला तोही वाहावा लागतो. कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा घटक) लावला की ही ये-जा मोटर आणि कपॅसिटर यांच्यातच होते, मागच्या रस्त्यावर येत नाही. (हीटरला ही भानगडच नाही, त्याचा पॉवर फॅक्टर १.)

०.७२ वरून ०.९५ वर यायला १४ किलोवॅटमागे ९ केव्हीएआरचे कपॅसिटर लागले (केव्हीएआर हे त्या नुसत्या ये-जा करणाऱ्या भाराचं माप). बसवल्यावर मेन केबलचा प्रवाह २७ अँपिअरवरून साडेवीसवर आला, केव्हीए १४.७ झाले. युनिट कमी होतील अशी माझी आशा होती, ती फोल ठरली. युनिट खऱ्या कामाचे मोजले जातात, आणि काम तेवढंच होतं.

तरी १५ चा घ्यायचा नव्हता. मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतो, कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्यात विरून जातो. जनरेटरला तो झटका अंगावर घ्यावा लागतो, झटका कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असला तरी. म्हणून २५ केव्हीए. भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: आधी कॉम्प्रेसर, मग बाकी.

खाली दुसरी ओळही आहे, ती जुलैतल्या एका रात्री लिहावी लागली. वीज गेली, जनरेटर लावला, दिवे-पंख्यांव्यतिरिक्त काहीच चालू नव्हतं आणि कपॅसिटर तसेच जोडलेले राहिले. मोटर बंद, म्हणून कपॅसिटरची ये-जा थेट जनरेटरशी झाली, व्होल्टेज चढलं, दोन ट्यूब गेल्या. काकांना फोन केला तेव्हा ते जेवत होते. "कपॅसिटर काढ आधी," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.