शेवटची ओळ

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि जुलैअखेरचा पाऊस, म्हणजे माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा छत्र्याच जास्त. त्यात तांडेलकाका आले. मूळचे वेंगुर्ल्याचे, मालीम जेटीवरच्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. सोबत विशीतला मुलगा. काउंटरवर ठेवला तो मोटो जी, २०१४ मध्ये भारतात आला तो पहिला, दोन सिमवाला एक्सटी१०३३. लोगोवरच अडकलेला.

‘पणजीत म्हणतत, आतला सगळा जातला. माका फोन नको, आतला व्हया.’

आतलं म्हणजे ऑफलाइन नकाशावर टोचून ठेवलेली ठिकाणं. कुठल्या खडपावर जाळं फाटतं, कुठे मासळी बसते, सगळं इतक्या वर्षांचं. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठणार. मालकाकडे बोट असते, पण ही ठिकाणं तांडेलाचीच. त्याच्यावरच त्याला मान आणि पगार.

या फोनला मेमरी कार्डची जागाच नाही. जे आहे ते सगळं युजरडेटा पार्टिशनमध्ये, म्हणजे मेमरीतल्या वापरणाऱ्याच्या कप्प्यात. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, कुलूपबंद. तो अनलॉक केला की कंपनीच्या रचनेप्रमाणे डेटा आपोआप पुसला जातो, म्हणजे दुसरी रिकव्हरी (दुरुस्तीची छोटी सिस्टिम) टाकून फाईल काढायची वाट बंद. कुलूप असताना फक्त कंपनीची सही असलेल्या सॉफ्टवेअरच्या इमेज चढतात. ‘डेटा जाईल’ म्हणणारा पणजीवाला अगदीच चूक नव्हता. त्याला फक्त फर्मवेअरचं, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरचं, पॅकेज उघडून बघायचा कंटाळा होता. आमच्या धंद्यात हा रोग फार आहे.

काका चहाला गेले तेव्हा पोरगा हळूच बोलला. फोन ‘फास्ट’ करायला त्यानेच कुठूनतरी फर्मवेअर आणि ते चढवायच्या आज्ञांची तयार स्क्रिप्ट उतरवून घेतली होती. सिस्टिम चढत असतानाच वीज गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला.

मी त्याच्याकडून ती स्क्रिप्ट मागवून उघडली. आधी पार्टिशन, मग बूटलोडर, लोगो, बूट, रिकव्हरी, मग सिस्टिमचे तुकडे, मग मोडेम, कॅश पुसणे, आणि अगदी शेवटची ओळ: इरेज युजरडेटा, म्हणजे तो कप्पाच पुसून टाक. वीज पाच मिनिटं उशिरा गेली असती तर माझ्याकडे यायचं कारणच उरलं नसतं. पावसाळ्यातल्या विजेला शिव्या घालताना आता मी जरा हात राखून घालतो.

आधी चार्जिंगचं तोंड साफ केलं. बोटीवरच्या फोनचं तोंड खाऱ्या हवेने हिरवं होतं, आणि अर्ध्यात सुटणारी केबल हाच फ्लॅशिंगचा (सॉफ्टवेअर चढवण्याचा) पहिला शत्रू. मग आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर दाबून फास्टबूट, म्हणजे केबलवरून सॉफ्टवेअर चढवायचा मोड. बूटलोडरचा आकडा अँड्रॉइडच्या लॉलिपॉप आवृत्तीचा निघाला. म्हणजे पॅकेजही लॉलिपॉपचंच हवं. त्याआधीच्या किटकॅट आवृत्तीवर नवा डेटा टेकत नाही, फोन पुन्हा लोगोवर लटकतो. आणि दोन सिमचंच हवं. एका सिमच्या एक्सटी१०३२ चं टाकलं की दुसरं सिम गायब.

पॅकेजमधल्या फ्लॅशफाईलवरून, म्हणजे काय कुठल्या क्रमाने चढवायचं त्या यादीवरून, माझी आज्ञांची बॅच फाईल बांधली. चालत्या बूटलोडरला आणि पार्टिशनला हात लावायचा नाही, म्हणून त्या ओळी काढल्या. युजरडेटाची ओळ काढली, आणि ती खरंच गेली का हे तीनदा वाचलं. सिस्टिमचे तुकडे मोजले, कारण दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलणारे इथेच फसतात. पॅकेजात तुकडे चार आणि स्क्रिप्टमध्ये तीन, असं सर्रास असतं. प्रत्येक फाईलचा एमडीफाइव्ह, म्हणजे ती शाबूत आहे का हे सांगणारा आकडा, जुळवला. लॅपटॉप इन्व्हर्टरवर. एंटर दाबल्यावर मी गिऱ्हाइकाशी बोलत नाही, फोनही घेत नाही.

सगळ्या ओळींना ओके आलं. पहिलं बूट लांबतंच, त्यात ॲप्स ऑप्टिमाइझ होत बसली. मग काकांच्या बोटीचा वॉलपेपर आला. नकाशा उघडला, लाल टाचण्या जागच्या जागी. फाईल शाबूत आहे का बघायला मी ती सवयीने लॅपटॉपवर काढली.

‘ती काडून टाक.’

टाकली.

‘कचऱ्याच्या डब्यातसून पण.’

तीही टाकली. पोरगा बाजूलाच उभा होता, काही बोलला नाही. बापाला मी एवढंच सांगितलं, सॉफ्टवेअर अर्धवट चढलं होतं. कोणी चढवलं हे त्यांनी विचारलं नाही.

दहाएक दिवसांनी पोरगा एकटाच आला. बाबांच्या फोनमधली ठिकाणं आपल्या फोनवर घेता येतील का? अर्थातच येतात, दोन मिनिटांचं काम. फोनची मेमरी चिप इतकी जुनी की कधी दगा देईल नेम नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. पण मी म्हटलं, काकांना घेऊन ये.

तो काही आला नाही. काका परवा येऊन गेले, नवी केबल न्यायला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. मी केबलचे पैसे घेतले आणि पोराबद्दल काही बोललो नाही.