डिप्रेशनची गोळी, पण डिप्रेशन नाही

डब्याच्या सुट्टीत माझ्या पर्समधली स्ट्रिप दिसली की कुणीतरी विचारतंच, "अहो, ही डिप्रेशनची गोळी ना? तुम्ही तर दिवसभर हसत असता!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला डिप्रेशन नाही. मला मंत्रचळ लागला होता. तीच शंका, तीच कृती, पुन्हा पुन्हा. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात.

गोळी सर्ट्रालिनची. अमेरिकेत १९९१ साली ती डिप्रेशनवर मंजूर झाली, तोच शिक्का तिच्यावर बसला. पुढे १९९६ मध्ये ओसीडीवर, १९९७ मध्ये पॅनिकच्या झटक्यांवर, मग मोठ्या आघातानंतरच्या त्रासावर, पाळीच्या आधीच्या टोकाच्या चिडचिडीवर, चारचौघांत बोलायच्या भीतीवरही तिला मान्यता मिळाली. हे कुणी विचारत नाही.

माझं दुखणं सोवळ्याखाली खपून गेलं. कोपरापर्यंत हात धुवायची, तर आत्याबाई कौतुक करायच्या, "सूनबाई टापटिपीची हो!" कुलपाला मात्र कौतुक नव्हतं. कोथरूडच्या घराला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, तीन मजले उतरायचे, बसस्टॉप गाठायचा आणि परत वर. पुन्हा ओढायचं. उजव्या तर्जनीला घट्टा पडला होता. समोरून दोन-दोन बस जायच्या. नवरा म्हणायचा, "वीस मिनिटं आधी निघत जा."

मानसोपचार म्हटलं की पुणेकराला येरवड्याचं मनोरुग्णालयच आठवतं. मलाही तेच आठवलं, आणि त्यात दोन वर्षं गेली.

शेवटी डॉक्टरांकडे गेले, गोळी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ. ओसीडीला डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला दहा-बारा आठवडेही लागतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकले. जोडीला थेरपी: कुलूप एकदाच लावायचं, हात पदराखाली घ्यायचे आणि जिन्यात उभं राहून जीव घाबरा होऊ द्यायचा. पहिल्या दिवशी ब्लाउज घामानं चिंब. शेजारच्या काकूंनी लिंबूपाणी आणलं.

एका गणपतीत बरं वाटतंय म्हणून माझी मीच गोळी बंद केली. चक्कर, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. मोदकांचं सारण तसंच टाकून आडवी झाले. आता कमी करायची झाली तर डॉक्टर सांगतील तशीच, हळूहळू.

कुलूप? एकदाच ओढते. बरं, कधी कधी दोनदा.