तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेशल टीचर व्हायला ग्रँट मिळते काय?

पोरीची बारावी झाली, नाहीतर डिग्री झाली, की आईचा फोन येतो. "बाई, तुमच्यासारखं त्या मुलांना शिकवायचं शिकायला सरकार पैसे देऊलालंय म्हणे, खरं काय?" खानापूरकडून येतो, येळ्ळूरकडून येतो, निपाणीकडून पण. मी बेळगावात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत आहे, म्हणून मला विचारतात.

आधी उत्तर देते, तक्रार नंतर. शाळेला ग्रँट मिळते, मुलासाठी मिळते. पण जी पोरगी उद्या या मुलांना शिकवणार तिच्या शिक्षणासाठी म्हणून वेगळं असं फारसं काही हाताला लागत नाही.

बघा, केंद्राची दिव्यांगांच्या पुनर्वसनाची दीनदयाळ योजना आहे, डीडीआरएस, त्यात मंजूर खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत संस्थेला मिळतात आणि त्यातून टीचर-थेरपिस्टचं मानधन निघतं, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, शिफारस जिल्ह्याची मग राज्याची मग दिल्ली, आणि आपण वाट बघत बसायचं. कर्नाटकाची मूल मोजून अनुदान द्यायची योजना वेगळी, तिथं पट घसरला की टीचरचा पगारच डळमळतो, आता पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडची पोरं कशी येणार हे बेंगळुरूला कोण सांगणार. समग्र शिक्षा म्हणजे केंद्राची शाळांची योजना, त्यात दिव्यांग मुलामागे वर्षाला ३५०० रुपये. पण हे सगळं माणूस तयार झाल्यावरचं. तयार कोण करणार?

आणि नेटवर 'दिव्यांग स्कॉलरशिप' टाकून जे सापडतं ते स्वतः दिव्यांग असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतं, उगाच सायबरवाल्याला पैसे घालू नका. जातीची, उत्पन्नाची नेहमीची स्कॉलरशिप बसते काय ते एसएसपीवर, म्हणजे कर्नाटकाच्या स्कॉलरशिप पोर्टलवर बघा. फी भरण्याआधी कॉलेज आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत आहे काय तेही बघा, कारण १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणी नसताना हे काम करणं गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मागणी नाही असं नाही हं. रजनीश कुमार पांडे केसमध्ये २०२१ ला सुप्रीम कोर्टाने केंद्राला स्पेशल टीचरचं प्रमाण ठरवायला सांगितलं, २०२२ ला केंद्राने प्रायमरीला १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक असं ठरवलं, मार्च २०२५ मध्ये कोर्ट राज्यांना म्हणालं पोस्ट जाहीर करा. पोस्ट काढतील हो, बसवणार कुणाला?

आपल्याकडे तर अजून एक भानगड. स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा तासभर करून काही होत नाही, ती घरात आईने, आजीने रोज चालवायची असते. म्हैसूरचं आयिश म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या थेरपीचं शिक्षण देणारी देशातली नावाजलेली संस्था, पण तिथून शिकून येणारी बहुतेक पोरं कन्नड-इंग्रजीवाली, आणि इकडे खेड्यातल्या घरात सगळं मराठीत. एक थेरपिस्ट होती, फार गुणी पोरगी, पण आजीचं तिला कळेना, तिचं आजीला कळेना, शेवटी आमचा रिक्षावाला दुभाष्या. मी कन्नडच्या विरोधात बोलत नाही, आमच्या बीआयईआरटी, म्हणजे तालुक्यातल्या दिव्यांग मुलांसाठीच्या सरकारी टीचर, त्या मॅडम कन्नडच, आणि त्यांच्याइतकं तालुक्यात कुणी फिरत नसेल. दोन्ही भाषा येणारी पोरगी पाहिजे, आणि ती इथल्याच गावातून येणार, म्हैसूरहून नाही.

मग तुम्ही तो अमेरिकेच्या ग्रँटचा फॉरवर्ड पाठवता. ती आपल्याला नाही मिळत, पण वाचण्यासारखी आहे. तिथं १९५८ च्या कायद्यापासून असे शिक्षक तयार करायला युनिव्हर्सिट्यांना सरकारी पैसा मिळतोय, आताच्या आयडिया म्हणजे त्यांच्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात त्यातून विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देतात, आणि अट काय, तर एक वर्षाची मदत घेतलीस तर दोन वर्षं या मुलांसाठी काम कर, नाही केलंस तर पैसे परत. मला हे पटतं. डॉक्टरांना गावात सक्तीची सेवा चालते ना, मग ह्यांना का नको? पैसे पोरीच्या नावावर द्या आणि बॉन्ड आपल्या तालुक्याचा लिहून घ्या.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर मी कंपन्यांच्या मागे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायच्या पैशाच्या यादीत स्पेशल एज्युकेशन स्पष्ट लिहिलंय, हे कितीतरी मालकांना माहीतच नसतं. व्हीलचेअर द्यायला सगळे तयार, फोटो निघतो. एका पोरीची दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल द्या म्हटलं की "बघू की बाई". तरी एका भल्या माणसाने दोघींचे दिले. एक आता खानापुरात आहे, मुलांच्या घरी जाते, आयांना शिकवते. दुसरीचं कोर्स संपता संपता लग्न ठरलं, ती कोल्हापूरला गेली, तिथल्या शाळेत लागली, त्यांची चांदी झाली. म्हणून म्हणते, बॉन्ड पाहिजे.