सोलापूरहून ईव्ही कंपनीत: टेक्निकल राउंडला काय विचारतात

सोलापुरात मेकॅनिकल झालेल्यांची पहिली नोकरी बहुतेक मशीन शॉप, फाउंड्री नाहीतर कॅमशाफ्टशी संबंधित असते. इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट नाही. पण एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास), कंट्रोल प्लॅन (कोणत्या टप्प्यावर काय तपासायचं याचा तक्ता), गेज तपासणी हे सगळं आहेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं क्वालिटीचं काम सोडून मी पुण्याकडच्या एका दुचाकी कंपनीत बॅटरी पॅक टेस्टिंगला लागले, तेव्हा बायोडेटात हेच सगळ्यात वर लिहिलं होतं. ‘ईव्हीचा कोर्स केला’ ही ओळ हल्ली सगळ्यांच्याच बायोडेटात असते.

आधी एचआरचा फोन येतो: नोटीस पिरियड, सध्याचा पगार, शिफ्ट चालेल का. मग लेखी परीक्षा, टेक्निकल राउंड, प्रत्यक्ष काम आणि शेवटी मॅनेजर. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालं तरी चाकणला पोचेपर्यंत दुपार होते, म्हणून वेळ दोननंतरची मागून घ्यावी.

लेखी परीक्षेत हमखास येणारं गणित: गाडी आणि चालक मिळून १८० किलो, १० टक्के चढ, वेग ताशी २० किमी, तर पॅकमधून करंट किती? चढाचे साधारण १७६ न्यूटन, टायरच्या घर्षणाचे २६, हवेचे १०-११. चाकाशी १.२ किलोवॅट लागतात, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर पॅकमधून १.४. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीचा एक प्रकार) १६ सेल सिरीजमध्ये असले की ३.२ गुणिले १६ म्हणजे ५१.२ व्होल्ट, म्हणून २७-२८ अँपिअर. उत्तर थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. कार्यक्षमता काय धरली हे न सांगणं चालत नाही.

टेक्निकल राउंडमधला खरा कस लागतो तो उन्हाळ्याच्या प्रश्नात, आणि तो सोलापूरकराला सोपा जायला हवा. मे महिन्याची दुपार, पारा ४३ वर. गाडी चालवून आणली, लगेच चार्जरला लावली, पण चार्जिंग सुरूच होत नाही. गाडी मात्र चालते. का? बहुतेक जण थेट चार्जरवर बोट ठेवतात. एलएफपी सेलला चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंश असते, डिस्चार्जची ६०. सेल ४८ वर गेले की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग अडवतं, गाडी चालू देतं. त्यात पॅक आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून सगळीकडून बंद; लवकर निवतही नाही. म्हणून आधी बीएमएसच्या लॉगमधलं तापमान बघायचं.

लॉगमध्ये उणे ४० दिसलं तर? सोलापुरात मे महिन्यात उणे ४० म्हणजे थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर कनेक्टरमधून सुटली आहे. हा थर्मिस्टर एनटीसी प्रकारचा, म्हणजे गार झाला की रेझिस्टन्स वाढणारा; तो ओपन झाला की रीडिंग तळाला जातं, आणि शून्याखाली चार्जिंगला बंदी असल्यामुळे चार्जिंग तेव्हाही थांबतं. लक्षण एक, कारणं अगदी उलटी.

यावरचा पुढचा प्रश्न फसवा असतो: ‘मग मर्यादा ५० करून टाकू का?’ सेल बनवणाऱ्याच्या डेटाशीटशिवाय नाही. जास्त तापमानात सेलची क्षमता लवकर घटते आणि वॉरंटीचे दावे वाढतात. ४० अंशांच्या पुढे चार्जिंग करंट टप्प्याटप्प्याने कमी करणं हा मार्ग सांगावा.

एआयएस-१५६ ची, म्हणजे इलेक्ट्रिक दुचाकी-तिचाकीच्या बॅटरी सुरक्षेच्या भारतीय मानकाची, तिसरी अमेंडमेंट वाचून जावी. ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. एक सेल पेटला तर शेजारच्यांचं काय होतं, ही चाचणी का आली हे विचारतात.

प्रत्यक्ष कामात मल्टिमीटर हातात देतात. पॅकला हात लावण्याआधी अंगठी, घड्याळ, कडं काढा. हे बघायला कुणीतरी उभं असतंच. गाडीची सप्लाय बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन वायरी) यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजायला सांगतात. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर (टर्मिनेटर) असल्यामुळे ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा वायर तुटली आहे. ४० आले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय.

मॅनेजर राउंडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑफर लेटरमधल्या सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा पगार) धरलेलं असतं. दरमहा हातात किती येणार ते ईमेलवर लिहून मागा, आणि ते आल्याशिवाय सध्याच्या कंपनीत राजीनामा टाकू नका.