गणपती नको, हत्ती करा

चित्रकलेच्या आमच्या सरांना फळ्यावरचं चित्र मुलांनी जसंच्या तसं उतरवून काढलेलं अजिबात खपत नसे. आठवीत त्यांनी कुंभारवाड्यातून माती आणवली, गोणपाटावर मळून घेतली आणि म्हणाले, "हत्ती करा." झालं! वर्गभर गणपतीच तयार झाले, फक्त चार पायांवर उभे. नाशिकच्या पोरांनी हत्ती पाहिलेला तो मखरात, नाहीतर सर्कशीत. सर म्हणाले, "बाप्पा भाद्रपदात. आत्ता हत्ती."

मग उलटतपासणी. पुढच्या पायाला नखं किती? सगळे गप्प. आपल्याकडच्या हत्तीला पुढे ५, मागे बहुधा ४. वर्गातल्या तक्त्यावरचा हत्ती तर निघाला आफ्रिकेतला: सुपाएवढे कान, मध्ये खोलगट पाठ, सोंडेच्या टोकाला दोन बोटं. आपल्या हत्तीला बोट एकच, कान लहान, पाठ कमानदार, कपाळावर दोन उंचवटे. ते उंचवटे अंगठ्याने दाबून काढले, तेव्हा कुठे आमचा हत्ती हत्तीसारखा दिसू लागला.

सोंड मात्र सारखी गळून पडायची. एकाने सायकलची तार आणली. सर कडाडले, "सोंडेत हाड असतं का रे? सगळा स्नायूंचा खेळ आहे. तार कशाला?" शेवटी सोंडेचं टोक पुढच्या पायाला टेकवायचं ठरलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी पांडवलेणी चढायला लावली. ३ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत खांबांच्या माथ्यावर प्राणी कोरलेत, त्यांत हत्तीही आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. नहपान आणि गौतमीपुत्र इतिहासात घोकून झाले होते, पण त्या दिवशी राजांकडे लक्ष कुणाचं? कान डोक्याला नेमका कुठून फुटतो, हे आम्ही माना दुखेपर्यंत बघत होतो.

भाजण्याआधी प्रत्येकाने चमच्याने हत्तीचं पोट आतून कोरून काढलं. जाड मातीत ओल राहिली की आव्यात वाफ कोंडते आणि मूर्ती फुटते. तरी काही फुटल्याच. उरलेल्या मूर्ती जीवशास्त्राच्या बाईंनी प्रयोगशाळेच्या कपाटात मांडल्या आणि पुढच्या वर्गांना नखं मोजायला लावली.

हल्ली शाळाशाळांतून शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा होतात, चांगलंच आहे. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक हत्तीचीही होऊ द्या. शाडूच्या गोण्या माझ्याकडून. फक्त तक्ता नीट बघून लावा.